उलटे आटे

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या बोळात माझं शेड.
दुमिंगची जीप आत आली तेव्हा
मागचा धुरा तिरका चालत होता,
खेकड्यासारखा, पण खेकड्याइतकं ठरवून नाही.

"कणकुंबीच्या वळणावर," दुमिंग म्हणाला,
"मी वळवायलोय, आणि ही विचार करत बसायली."

पाटे काढून कॉइल बसवल्या होत्या कुणीतरी
आणि धुरा धरून ठेवायला
गेटच्या पाइपच्या दांड्या.
गेटच्या! ज्याला फक्त म्हैस अडवायची असते.

जमिनीवर झोपून मापं घेतली.
चार दांड्या. दोन खाली, लांब. दोन वर, तिरक्या.
खालच्यांना सीमलेस पाइप, भिंत सहा मिलिमीटर,
कारण दगड त्यांनाच आधी भेटतो.

बोल्टसाठी मेणसेंच्या दुकानात.
दोन बोल्ट दिसायला जुळे, दोघांच्या डोक्यावर १०.९
(या आकड्यावरून इथे अजून कुणी मोर्चा काढलेला नाही).
एक पन्नासला, एक एकशेवीसला.
पन्नासचा व्हाइसमध्ये धरला, पाइप घालून ओढला:
उसाच्या वाढ्यासारखा वाकला.
मेणसे म्हणाले, "आकडे कोरायला काय लागतंय की."

आणि बोल्टची लांबी. पोरं हे शिकतच नाहीत.
ब्रॅकेटच्या भोकात बोल्टची गुळगुळीत मान यायला हवी,
आटे नकोत. आटे आवळायला असतात,
भार झेलायला नाही.
ब्रॅकेटही दोन कानांचं हवं.
एका कानावर लटकवलेलं ओझं
एक दिवस कान घेऊन जातं.

उरले उलटे आटे.
दांडीच्या एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे,
म्हणजे मधली पाइप नुसती फिरवली
की दोन्ही टोकं एकदम बाहेर
किंवा एकदम आत, काहीही न सोडता.
वीस मिलिमीटरचा उलटा टॅप आख्ख्या बागेत एकाकडेच:
शिवपुत्र हुक्केरी, टर्नर.
हात कापतात आता त्याचे. लेथ विकला.
टॅप पाठवला नाही, स्वतःच आला रिक्षाने,
तेलकट फडक्यातलं पुडकं मांडीवर धरून.
स्टुलावर बसून टॅपचा आवाज ऐकत राहिला.
"निधान."
अर्धा फेरा पुढे, पाव मागे, तेल.
"निधान."
माझं मनगट तीस वर्षं एकाच बाजूला आवळायला शिकलेलं,
सारखं चुकायचं.
तो हसायचा कन्नडमध्ये. मी शिव्या द्यायचो मराठीत.
चौथ्या बुशला म्हणाला, "साकु,"
आणि टॅप पुसून परत गुंडाळला.

बुश पाइपात ठोकले, कडेने वेल्ड, भोकांतून वेल्ड.
पाण्यात बुडवले नाहीत. राखेत आपापले निवले.
रॉड एंड बसवले, जॅम नट आवळले,
आणि पाइपवरून नटवर, नटवरून रॉड एंडवर
एक पिवळी रेघ ओढली मुलीच्या नेलपॉलिशने.
पिवळं नेलपॉलिश कोण लावतं? ती लावते.

जीप गेली.
रात्री टेबल पुसताना हाताला एक नट लागला.
बोटात धरून फिरवला.
उलट्या आट्याचा.

चार दांड्या, आठ नट. आठच आणलेले, का नऊ?
बिल दुमिंगने नेलेलं.
फोन जांबोटीच्या पुढे लागत नाही.
भाकरी तशीच राहिली.

साडेअकराला लागला.
"झोपलास काय? उठ. बॅटरी घे. गाडीखाली जा."
कुत्रं. दार. त्याची बायको कोकणीत काहीतरी,
माझ्याबद्दलच असणार.
मग पत्र्याखालून आल्यासारखा आवाज:
"नट आहेत. आठ."
"आणि रेघा?"
घासत सरकण्याचा आवाज. धाप.
"सात ठिकाणी सरळ आहे."
"आठवी?"
"थांब. चिखल पुसतोय."