उसना कूलर

कुंदा विचारते, जवळ नाही ते विकतेस कशी?
तिला सांगते: समज, मे महिना.
पारा शेहेचाळीसवर, कूलरच्या दुकानात रांग.
जाऊ तुझी पुण्याला लेकीकडे.
तिचा कूलर तू उसना आणलास
आणि आणला तसाच विकलास, आठ हजाराला.
जुलैत झड लागली की तसाच दुसरा
पाच हजारात घ्यायचा, जावेच्या घरी ठेवून यायचा.
मधले तीन तुझे.
"अन् झड लागलीच नाही तं?"
बँकेत एकतीस वर्षं कर्जाच्या फायली पाहिल्या,
इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

झड लागली नव्हतीच. ते गेल्या वर्षीचं.
मी विकलं तेव्हा भाव दोनशे दहा,
दुसऱ्या दिवशी दोनशे तीस, मग अडीचशे.
इतवारीतून सुराणांच्या पोराचा फोन: मॅडम, मार्जिन.
संध्याकाळी पुन्हा: मॅडम, मार्जिन.
आवाज इतका आदबशीर
की त्याच्यावर ओरडताही येईना.
पडणाऱ्याला जमीन असते,
चढणाऱ्याला छत नसतं, हे तेव्हा कळलं.
दोन एफडी मोडल्या.
कुंदाला एकच सांगितली.

म्हणून यंदा पुट.
विकायचं नाही, विकण्याचा हक्क तेवढा घ्यायचा
आणि त्याचे पैसे मोजून विसरून जायचे.
जाईल तर तेवढंच जाईल.
पण तेही रोज जातं,
कूलरच्या टाकीतल्या पाण्यासारखं,
न सांडता, न गळता,
दुपारी झाकण उचलून पाहावं तर बोटभर खाली.
आणि बाजार बिथरला की उलटं:
भाव जागचा हललेला नसतो, तरी पुट फुगतो.
नुसती भीतीच महाग होते,
टंचाईतल्या टँकरसारखी.

शेअर बुटीबोरीच्या एका कंपनीचा.
ताळेबंद मी तीनदा वाचला.
येणी वाढत होती, रोकड आटत होती,
संचालकांचे फोटो दरवर्षी मोठे होत होते.
त्या कंपनीची बस सकाळी सहा चाळीसला
आमच्याच कोपऱ्यावर थांबते.
तेही ठाऊक होतं.
दोन्ही गोष्टी एका कागदावर मांडल्या नव्हत्या, एवढंच.

निकाल रात्री लागला.
सकाळी सव्वानऊला एकशे नव्वदचे एकशे बावन्न.
माझे सहाचे एकतीस झाले.
मी टाळी वाजवली. खरंच. एकटीनं, ओट्यापाशी.
तेवढ्यात बेल.

समोरचे हेडाऊ. त्याच कंपनीत, स्टोअर्सला, बावीस वर्षं.
शर्टाची बटणं एक घर चुकलेली.
"ताई, तुम्हाले समजते यातलं.
बोनसमधे शेअर भेटले होते, तसेच ठेवले.
विकू का थांबू?"

खरं उत्तर होतं: विका.
माझ्या फायद्याचं उत्तरही तेच.
दोन्ही एकच निघाल्यावर
खरं कोणत्या तोंडानं बोलायचं?
मी म्हटलं, पाणी घ्या.

ते प्यायले. मग कान देऊन म्हणाले,
"पंप आवाज करून राहिला जी तुमचा,"
आणि खिडकीशी उकिडवे बसले.
जाळी काढली, नखानं क्षार खरडला,
वाळ्याचा ओला वास खोलीभर.
टेबलावर माझा फोन पालथा.
एकतीसचे चौतीस झाले असतील. नसतील.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात
मारबतीला ओरडून सांगतो आम्ही, सगळी पीडा घेऊन जा.
ती नेते.
कोणाच्या दारात नेऊन टाकते,
हे लहानपणी बाबांच्या खांद्यावरून विचारलं होतं मी.
गर्दीत ऐकू गेलं नाही त्यांना.

हेडाऊ, विका,
मी म्हटलं. फार हळू.
पंप आता इतका गुमान चालत होता
की ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय
दोघांनाही नव्हती.
त्यांनी लेंग्याला हात पुसले.
"तुम्ही विकले का जी?"