स्लॅबला पाणी

सेलूत जिनिंगच्या मागं शाळा आहे.
मार्चात खिडकीतून सरकीचा वास येतो,
आणि नव्या खोलीच्या स्लॅबवर, मातीच्या आळ्यांत,
टँकरचं पाणी चमकत असतं.

मुळे सरांनी चार्ट आधीच टांगला होता:
कवटी, दोन हाडं, काळी फुप्फुसं.
मी तो गुंडाळून कपाटावर ठेवला.
मागच्या बाकावर कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला.

चार वर्षांपूर्वी मानवतला
मीच ती कवटी दाखवली होती.
"एकदा ओढला की संपलं," म्हणाले होते.
मुंजाजी नावाचा पोरगा उठला,
"मॅडम, माझा चुलता वीस वर्सं ओढायलाय.
संपला न्हाई. काल त्यानंच आमची मोटार दुरुस्त केली."
वर्ग हसला.
नंतर जे खरं होतं तेही मी सांगितलं,
पण ते त्या हसण्यातच वाहून गेलं.

म्हणून आता तुपाचा रिकामा डबा आणते.
चिठ्ठ्या टाका. नावं नकोत.

"महादेवाला चालतो, मग आम्हाला का नाही?"
(परळी-औंढ्याचे भाचे इथं बरेच.)
महादेवाला गळ्यात नागही चालतो, लेकरांनो.

"दारूपेक्षा बरा असतो ना?"
वेगळा असतो.
दोन्ही एकत्र घेणाऱ्याला हा फरक सांगायला
शुद्ध राहत नाही.

"यानं खरंच डोकं बिघडतं का?"
मी खिडकीकडं बोट केलं. तो स्लॅब कधी टाकला?
"अकरा दिस झाले," तौफिक म्हणाला. त्याचे अब्बा सेंट्रिंगवाले.
आज फळ्या काढल्या तर?
"पडंल. किंवा पडणार न्हाई, पन चीर जाईल.
ती आत्ता दिसत न्हाई. पावसाळ्यात दिसती."
याहून बरं मला सांगता आलं नसतं.

तुमच्या डोक्यातला स्लॅब पंचविशीपर्यंत ओला असतो.
सगळ्यांचा कोसळतो असं नाही.
कुणाला फक्त काल वाचलेलं आठवत नाही,
कुणाला उठावंसंच वाटत नाही.
पण ज्याच्या घरात आजाला, मावशीला
नसलेले आवाज ऐकू यायचे,
त्यानं तर लांबच राहावं.
आणि चौघांत एकच चिलीम फिरते ना,
तिच्यासोबत कुणाचा तरी खोकलाही फिरतो.

"सोडल्यावर झोप येत नाही, आईवर ओरडतो."
आठ-पंधरा दिवस. मग कमी होतं.
आईला सांगता येत नसेल तर मला सांग,
परभणीला मी गुरुवारी असते.

शेवटची चिठ्ठी आठ घड्यांची होती.
"परवा शिवरात्रीला तलावावर एकानं भांगेची गोळी खाल्ली.
काहीच होईना म्हणून दुसरी खाल्ली.
मग तो थरथरायला लागला, मरतो म्हणायला लागला.
आम्ही पळालो. काय करायचं होतं?"

एक जण स्वतःच्या चपलेकडं बघत होता.
मी त्या चपलेकडं बघितलं नाही.

पोटातून चढायला दोन-दोन तास लागतात,
म्हणून दुसरी गोळी घात करते.
पळायचं नव्हतं, एवढं तुलाही कळलंय.
पाण्यापासून लांब, सावलीत बसवायचं,
आणि परत परत म्हणायचं, हे उतरतं, मी इथंच आहे.
गाडीवर घालून न्यायचं नाही.
शुद्ध गेली तर कुशीवर वळवायचं, एकशे आठला फोन,
आणि काय खाल्लं ते डॉक्टरला खरं सांगायचं.
मार नंतरही खाता येतो,
श्वास नंतर घेता येत नाही.

घंटा झाली. दारात चप्पल थांबली.
"तो आमच्याशी बोलत न्हाई आता."
पळालो होतो, असं म्हण त्याला. आधी तेवढंच म्हण.
"आन् मग?"
मग माहीत नाही, म्हणाले.

साडेचारच्या गाडीला निघताना
कवटी पुन्हा भिंतीवर होती.
वर स्लॅबवर तौफिक पाईप धरून उभा,
आणि अजून एक जण, अनवाणी,
पाणी कुठवर पोचलं ते बघत.