पाव आटा

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, कानांच्या तपासणीच्या खोलीला
क्लोजर बसवायचा होता.
इंगवले मॅडम फोनवर म्हणाल्या, 'दार आपटतं हो.
पोराला कमी ऐकू येतंय की दारच जास्त वाजतंय, तेच कळत नाही.'

चौकट बघून इर्शादनं माझ्याकडं बघितलं.
पुरात आठ दिवस पाणी प्यालेलं सागवान,
वाळताना मन गेलं तिकडं गेलेलं.
ओळंबा सोडला : वरून खाली नऊ मिलिमीटरचं खोटं.
दार हातातून सुटलं की उतारावरच्या सायकलसारखं.
वर तिरकी तुळई, माथ्याला दीड इंच जागा,
त्यात प्लॅस्टर, त्यात कुणीतरी ठोकलेले
तोरणाचे तीन खिळे.

डब्यातला कागद म्हणतो, इथं चार भोकं पाडा.
कागद छापला त्या गावात
सगळ्या चौकटी काटकोनात असणार.

सत्याप्पा मेस्त्री म्हणायचे,
वाकड्याला सरळ करायला जाऊ नगंस भावा,
किती वाकडं हाय तेवढं नीट मोज,
आणि तेवढंच लाकूड तास.
हे ते फक्त चौकटींबद्दल बोलायचे.
लोक उगाच दुसरा अर्थ काढायचे.

तर मग पाचर. एका टोकाला कागदाएवढी,
दुसऱ्या टोकाला नऊ.
यंत्र दारावर, कोपर चौकटीच्या पोटाला,
दाराला समांतर घडी घातलेलं.
इर्शाद चहा आणायला गेला
तेवढ्यात मावलं.

आता दोन झडपा.
पहिली, दार निघतं तेव्हाची. तिच्यात कुणीही शहाणा होतो.
दुसरी शेवटच्या चार बोटांची.
पाव आटा जास्त झाला तर दार कडीपाशी येऊन
उसने मागायला आलेल्या पाहुण्यासारखं उभं राहतं,
पाव कमी झाला तर थोबाडात.
आणि झडप सगळी उलटी फिरवायची नाही कधी.
बाहेर आलेलं तेल परत आत जात नाही.

सोडलं. दार आलं. मिटलं.
'झालं,' मी म्हणालो.
'अजून वाजतंय,' मॅडम.
पाव आटा. परत सोडलं.
'बारीक वाजतंय. टिक असं.'
इर्शाद कप धरून उभा होता. त्यानंही मान हलवली.

मला काहीच आलं नव्हतं.

सव्वीस वर्षं.
पहिलं भोक उद्यमनगरात, फौंड्रीच्या ऑफिसात.
कानात कापूस फक्त थंडीत घालायचा असतो
असं तेव्हा वाटायचं.
किती दारांची टिक ऐकली म्हणून
पैसे घेतले असतील मी?

मग कडीच्या पट्टीवर तर्जनी ठेवली.
दार आलं आणि बोटाला ते लागलं,
मोहरी तडतडावी एवढंच.
आणखी जरासा आटा, पावाच्याही निम्मा.
आता बोटालाही नाही.
ओढून बघितलं : कडी बसलेली.
'आता नाही,' मॅडम म्हणाल्या.

बिल तिथंच लिहिलं. पाचरीचे पैसे लावले नाहीत.
'काका, पाच मिनिटं आत बसता?
आवाज आला की बटण दाबायचं, बास.'
चौथ्या गल्लीत अजून एक दार आहे, म्हणालो.
नव्हतं.
इर्शादनं ड्रिलची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली,
काही न बोलता,
आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला.

स्टुलावर मी. समोर काच, काचेपलीकडं मॅडमची खाली घातलेली मान.
पाठीमागं दार सुटलं.
सवयीनं मोजत होतो,
एक, दोन, तीन, चार,
पाचला यायचं होतं ते.
वळून बघितलं नाही.

मानेवरची हवा थांबली.
म्हणजे मिटलं.
यालाही बटण दाबायचं का,
विचारायचं राहून गेलं.