चहा, दोन, पावती नाही

प्रवास-अनुदानाच्या फायली माझ्या टेबलावर येतात.
त्र्याऐंशीच्या तुकडीनं ठेवलेली ठेव,
तिच्या व्याजावर दर वर्षी चार पोरं
कुठल्या तरी परिषदेला जाऊन बारा मिनिटं बोलतात.
बाराच. मी विचारून घेतलंय.

कौसर तांबोळी, वनस्पतिशास्त्र, पीएच.डी.चं दुसरं वर्ष.
विषय : दगडफूल.
मी म्हटलं, मसाल्यातलं?
तेच सर, पण खडकावर असतानाचं.
मी मान हलवली.
तेवीस वर्षं या गणेशखिंडीत मी 'सर' आहे,
शिकवलं कुणालाच नाही.

जोरहाटला जायचं होतं. पुण्याहून आझाद हिंद,
हावड्याला गाडी बदलून पुढं आणखी रात्र.
नियम वाचून दाखवले : तिकिटं मूळ, झेरॉक्स चालणार नाही,
हजेरीचा दाखला हवा, शिक्क्यासकट,
शिल्लक रक्कम परत.
शिल्लक आजवर कुणी परत केलेली नाही.
तो रकाना आम्ही छापतो, इतकंच.

अकरा दिवसांनी आली. घसा बसलेला, हातात पाकीट.
सातशे तीस रुपये, त्यात नाणीसुद्धा,
आणि वहीच्या कागदावर हिशेब.
शेवटची ओळ :
चहा, दोन, चाळीस रुपये. पावती नाही.

दोन कशाला?

माझं बोलून झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ उठले, सर,
म्हणाले, तुमची चौथी आकृती चुकली आहे.
मग बाहेर टपरीपाशी उभं राहून
पाऊण तास ती मला दुरुस्त करून दिली.
मी त्यांना पैसे कसे देऊ द्यायचे?

दुसऱ्याचा चहा नियमात बसत नाही.
त्र्याऐंशीवाल्यांनी प्रवास लिहिलाय,
पाहुणचार लिहिलेला नाही.
मी लाल पेन उघडलं, टोपण दातात धरलं.
बाहेर वडाखाली कुणी स्कूटरला किक मारत होतं
आणि ती लागत नव्हती.

ओळ खोडली. नियम तो नियम.
ती जिना उतरून गेल्यावर
खिशातल्या विसाच्या दोन नोटा पाकिटात सरकवल्या
आणि त्या कोऱ्या रकान्यात पहिल्यांदा आकडा लिहिला :
सातशे सत्तर.
मी कुठल्याच तुकडीचा नाही.
बारावीनंतर इथं आलो तो चिकटायला.

मार्चमध्ये ऑडिटर त्या आकड्यावर थांबला,
माझ्याकडं पाहिलं,
पान उलटलं.

त्या संध्याकाळी औंधला बसमधून उतरून
वाण्याकडं दहा रुपयांचं दगडफूल मागितलं.
(घरी आधीची पुडी तशीच आहे, हे नंतर ऐकावं लागलं.)
काळपट, कुरळं, हाताला वजनच नाही.
एका अंगानं राखी, दुसऱ्या अंगानं काळं.
दिव्याखाली उलटसुलट करून पाहिलं,
नेमकं कुठल्या अंगानं ते खडकाला धरून असेल
काही कळेना.
ती परत आली की विचारीन.
बारा मिनिटं आहेत माझ्याकडं.