खालीची मात्रा

डफडं आधी शेकावं लागतं.
पऱ्हाटीचा जाळ, फार नको, वीतभर,
आणि कातडं त्याच्याकडे तोंड करून ठेवायचं,
तापातून उठलेलं माणूस उन्हाला बसतं तसं.
बोटानं टिचकी मारून पाहायची.
भद्द म्हणालं, तर थांब.
ठण् म्हणालं, की चल चर्चात.

बापाच्या काळी हे आत येत नव्हतं.
कुठंच.
पोळ्याला तोरणाच्या अलीकडे,
लग्नाला मांडवाबाहेर,
मयताला मात्र सगळ्यांच्या पुढे.
आमचे पंचही म्हणाले होते एकदा,
मेल्या माणसापुढचं वाद्य प्रभूच्या घरात कायले?
बाप म्हणाला, मेलेलाच तर उठला नं तो.
यावर कोणी काही बोललं नाही.
चहा आला.

आज उत्तम शुक्रवार.
दिवसभर तापलेली छपराची टिनं
रात्री एकेक करून सुटतात. टक्.
बराच वेळ काही नाही. टक्.
खाली सतरंजीवर चाळीसेक माणसं,
मधे सलोमी आत्या,
जिला अक्षर वाचता येत नाही,
जिचं पद एका ओळीचं आहे :

हायेस नं रे, हायेस नं.

एवढंच.
मी तीन मात्रा वाजवतो, चौथी खाली सोडतो.
हायेस नं रे, हायेस नं. खाली.
पहिल्यांदा तो प्रश्न असतो.
पाचव्यांदा, कुडापलीकडच्या शेजारणीला
हाक मारावी तसा आवाज.
नवव्यांदा ती त्याच्यावर चिडलेली असते, खरंच चिडलेली,
मान हलवून, पदर खोचून.
आणि विसाव्याच्या आसपास कधीतरी
तो 'नं' झिजून गळून पडतो,
कोणाला कळतही नाही कधी :
हायेस.
हायेस रे.
हायेस.

नवे पाळक वानखडेसाहेब नागपूरचे.
त्यांच्या कीबोर्डात एक बटण आहे,
दाबलं की तबला आपोआप, न थकता.
मला बाजूला घेऊन म्हणाले, मामा,
तेच तेच किती वेळा?
पोकळ बडबड त्यालाही आवडत नव्हती.
आणि ती चौथी मात्रा भरा काहीतरी,
भोक पडल्यासारखं वाटतं.

मी म्हणालो, बरं.

कसं सांगायचं त्यांना.
मी दहा वर्षांचा होतो, कंदील माझ्या हातात.
वडजीहून मिशनच्या दवाखान्यापर्यंत सात कोस,
आत्याच्या खांद्यावर तिचा आमोस, तीन वर्षांचा,
अंग चुलीसारखं.
झोपू नये म्हणून ती विचारत चालली होती,
तीन पावलं : हायेस नं रे, हायेस नं,
आणि चौथ्या पावलाला तो म्हणायचा, हूं.
तीन पावलं. हूं.
नाला ओलांडला. हूं.
बाभळी संपल्या, तेव्हा मी कंदील वर धरला,
कारण चौथ्या पावलाला नुसतं पाऊल वाजलं.
आत्यानं आवाज वाढवला नाही.
चालणं थांबवलं नाही, विचारणंही नाही.
दवाखान्याच्या फाटकाशी सिस्टरनं तिच्या खांद्यावरून
त्याला उतरवून घेतलं.

परतीच्या वाटेवरही तेच,
सात कोस, तीन पावलं आणि एक.
खांदा तर रिकामा होता.
मग ती कोणाला विचारत होती
हे मी तिला त्या दिवशी विचारलं नाही.
पुढे चर्चात तिनं तेच गायला घेतलं
आणि मी ताल धरला, तेव्हा तर
विचारायचं काही उरलंच नव्हतं.

म्हणून साहेब, ती जागा भरता येत नाही.
तिथे हात वर जातो
आणि वरच राहतो,
खालून शेकल्या कातड्याची ऊब तळव्याला लागते,
चाळीस माणसं श्वास धरून.
कधी टिन बोलतं, टक्.
कधी बाहेर कोणाच्या शेळीची घंटी.
कधी काहीच नाही, अगदी काहीच,
आणि ते काहीच नसणं
आत्या कान तिरका करून ऐकते,
पूर्ण ऐकते,
मग पुन्हा उचलते.

आज साहेबांचं बोट बटणावर होतं.
मी पाहत होतो.