वळवईची फेरी

पहिल्यांदा चढली तेव्हा तिच्या हातात चपला होत्या.
भरती रॅम्पच्या दोन हात वर,
ती घोटाभर चिखल तुडवत आली,
म्हणाली, "तिकीट किती, रे?"
आमदाराला तिकीट नसतं, बाय.
"कोणी सांगितलं?"
आणि दहा पैसे माझ्या तळव्यावर.

मी दोर सोडायचं विसरलो.
शिडीवर शिक्का मीही मारलेला,
पण शिडी अशी समोर येऊन उभी राहील
आणि विचारील, इंजिनाला तेल वेळेवर मिळतं का,
हे कुणाच्या ध्यानात होतं?

द्वारका शिरगावकर.
बापूस पाडेली, भाटकाराच्या माडांवर
नुसत्या पायांनी चढायचा.
तिने निशाणी मागितली शिडी, तेव्हा बाजारात हसले:
पाडेल्याच्या चेडवाला शिडी कशाला?

पणजीला, त्या नदीकाठच्या जुन्या राजवाड्यात,
सगळे बाप्ये, आणि एक ती.
पहिल्या दिवशी तिच्या खुर्चीवर
कुणीतरी आपली टोपी ठेवली होती.
तिने ती उचलली नाही, सरकवली नाही.
उभी राहिली. तासभर.
शेवटी सभापतींनाच विचारावं लागलं,
ही टोपी कोणत्या मतदारसंघाची?

आमचं खाजन तेव्हा खारं झालेलं.
मानशीचं दार मोडलं, नदी शेतात शिरली,
कोरगुटाच्या जागी खेकडे.
दर अधिवेशनात तिचा तोच प्रश्न.
परतीच्या फेरीत आम्ही विचारायचो, काय झालं, बाय?
ती पदर पिळत सांगायची:
"विचाराधीन."
तो शब्द मग आमचाच झाला.
सहाची बस? विचाराधीन.
माझं लग्न? विचाराधीन.
मॉन्त मास्तराची म्हैस गाभण आहे का?
तेही.

सातव्या वर्षी दार आलं.
नारळ तिने फोडला नाही.
कमरेएवढ्या पाण्यात उतरली,
फळीवर हात फिरवला, जसा तापल्या पोराच्या कपाळावर,
आणि कंत्राटदाराला म्हणाली, "दोन खिळे कमी आहेत."

नंतर पलीकडून तांबड्या मातीच्या बार्जी सुरू झाल्या.
ती त्यावर बोलली. खूप बोलली.
घरोघरी ट्रकांचे हप्ते चालू होते,
माझ्या भावाचाही होता.
एकोणीस मतांनी पडली.
(त्यांतलं एक कुणाचं, ते मला विचारू नका.)

दुसऱ्या दिवशी आली, फायलींची बोचकी दोन.
"तिकीट किती?"
माणसांना आता फुकट, बाय. फक्त गाड्यांना.
"ठाऊक आहे," म्हणाली. "तीन वर्षं भांडले मी त्यासाठी."
आणि सवयीने मुठीत धरलेलं नाणं
पाण्यात टाकलं.

परवा एक पोर स्कूटर घेऊन चढली,
पंचायतीचा फॉर्म भरायला निघालेली.
बायचं घर कुठलं, विचारत होती.
मी दाखवलं. कुलूप गंजलंय.
मग मानशीचं दार दाखवलं:
ओहोटीला उघडतं, भरतीला मिटतं, कुणी हात लावावा लागत नाही.
खालची एक फळी कुजलीय मात्र.
कळवायचं कुणाला,
ते अजून विचाराधीन.