साठ किलोच्या आत

शंभर पानी वही. वर लिहिलंय:
नवयुवक कबड्डी संघ, पिंपळदरी, साठ किलो वजन गट.
अक्षर माझं.
मी मैदानात कधी उतरलो नाही,
उजवा गुडघा नववीतच बंडीच्या चाकाखाली ठेवून आलो,
म्हणून गुण लिहायला बसवलं.

पान पहिलं. दिवाळीनंतरचा सोमवार.
हरलो, अठरा-एकतीस.
समासात: जुमनाके दोन दिवसांचा उपाशी, वजनापायी. चढाईत दम नाही.
पान तिसरं. जिंकलो.
सात हजार रोख आणि एक टेबलफॅन.
फॅन कोणाच्या घरी जाणार यावरून
परतीच्या पिकअपमध्ये दुसरा सामना झाला,
तो मी लिहिला नाही.

आम्ही पगारी.
पाठीवर मुंदडा कृषी केंद्र,
छातीवर तणनाशकाचा डबा छापलेला,
सामन्यामागे दोनशे, लोण चढवला की पन्नास वर.
श्रावण टेकामनं सासरी सांगितलं होतं, कंपनीत आहे.
खोटं कसं म्हणावं?
अकील तर वीस किलोमीटर सायकल मारून यायचा,
पुन्हा मैदानाला पाच फेऱ्या.

पौषात बोटं आखडायची, पेन चालायचा नाही.
ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करून केलेली गॅलरी,
हॅलोजनभोवती किडे,
आणि माइकवाला प्रत्येक गावात तोच,
प्रत्येक गावात आम्हाला 'वाघ' म्हणायचा,
समोरच्यांनाही.

वासुदेव धुर्वे. कप्तान. डावा कोपरा.
वय कागदावर सत्तावीस.
त्यानं घोटा धरला की माणूस
चिखलात रुतल्यासारखा जागीच संपायचा.
वहीत त्याच्या नावापुढं सर्वात जास्त काड्या,
पाच-पाचच्या पेंढ्या बांधलेल्या.

अंतिम सामना, महाशिवरात्रीच्या आधल्या दिवशी.
वजन बाजार समितीच्या काट्यावर,
जिथं कालपर्यंत कापसाचे गाठोडे बसत होते.
वासुदेव: साठ किलो चारशे.
हमाल हसला, "वल्ला हाय थोडा. कटती धरा ना, साहेब."
पंच हसले नाहीत. तासाभराची मुदत दिली.

दोन स्वेटर, वरून खताची प्लास्टिकची थैली,
भर दुपारी तो आवारात पळत सुटला.
थुंकला. करदोडा काढला. पुन्हा थुंकला.
नव्वद ग्रॅम उरले.
तेव्हा त्यानंच समोर बोट दाखवलं,
टिनाच्या शेडखाली गुलाब न्हाव्याची खुर्ची.
केस गेले, मिशी गेली.
एकोणसाठ नऊशे नव्वद.
आम्ही असे ओरडलो की आवारातले बैल उठले.

रात्री मैदानात तो उतरला
आणि ट्रॉल्यांवरची माणसं एकमेकांना विचारू लागली,
"कोन गेलं बे याच्या घरचं?"
त्याचा बाप तिथंच, मफलर बांधून, तिसऱ्या ट्रॉलीत.
"मी हाओ ना जित्ता," म्हणाला,
आणि मोठ्यानं हसला,
मग जरा वेळ हसला नाही.

छत्तीस-छत्तीस. शेवटची चढाई त्यांची.
वासुदेवनं घोटा धरला. धरलाच.
पोरगं पडलं, पालीसारखं लांब झालं,
आणि चुन्याच्या रेघेपाशी धूळ उडाली.
शिट्टी.
गुण त्यांना.

मग जे व्हायचं ते झालं. खुर्च्या फेकल्या.
मुंदडाशेठ पंचाच्या कॉलरीपर्यंत पोचले,
अकील रडला, माइकवाला शांततेचं आवाहन करत राहिला
आणि मध्येच देणगीदारांची नावं वाचत राहिला.
मी वही पोटाशी धरून टेबलाखाली.

होळीच्या सुमारास वासुदेव घरी आला.
डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस.
वही मागितली. शेवटचं पान उघडलं,
मी तिथं लिहिलं होतं: पंचांचा पक्षपात.
त्यानं ते खोडलं नाही.
खाली, मोठ्या, तिरक्या अक्षरात,
पेन मुठीत धरून, लिहिलं:
बोटं पोचली होती. दोन. मी पाह्यली.

मग विचारलं, फॅन कोणाकडं आहे,
बाप उकाड्यानं झोपत नाही.